कालचा व्हिडिओ

तुळशीला पाणी घालून झालं, देवापाशी दिवा लागला, की मैनाबाई दोन कप चहा घेऊन अंगणातल्या बाजेवर येऊन बसायची. एक कप नवऱ्याच्या हातात द्यायची आणि मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरायची. मोबाईलमध्ये कालचा व्हिडिओ असायचा.

पंजाबराव चहा विसरून पाहत राहायचे. आत एक टक्कल पडलेला, बनियनवरचा माणूस पत्रा कापत असायचा.

"हा कोन?"

"तुमी."

"मी?" मग जरा वेळानं, "हात तं माहेच हायेत."

"तोंडबी तुमचंच हाय. चहा घ्या, थंडा होऊन राहिला."

व्हिडिओ संपला की पंजाबराव उठायचे आणि अंगणाच्या कोपऱ्यातल्या टिनाच्या शेडमध्ये जायचे. तिथं गाडी उभी होती. आत्ता पाहिलेल्या माणसानं काल जिथं काम सोडलं, तिथून ते पुढं धरायचे. काल आपण काय केलं हे त्यांना आठवत नसे, पण पाहिलं की कळायचं. मैनाबाई कप विसळायला आत जायची. तीन वर्षं हा नेम चालला.

ही गाडी म्हणजे रस्त्यावर दिसते तसली नव्हे. शंभर वर्षांपूर्वी गोरे साहेब शर्यतीत पळवायचे तसली. लांब नाकाची, एकट्यानं बसायची, चारी चाकं अंगाबाहेर काढलेली, ना दार ना छप्पर. शेजारची सुंदराबाई पहिल्यांदा पाहायला आली तेव्हा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मैना, तुह्या अंगनात हे मगरीचं पिल्लू कोनं आनून ठेवलं व?"

"त्याहीनंच केलं."

"मानसं म्हातारपनी काशीले जातात. तुहा नवरा कुठं जाते यात बसून?"

मैनाबाई हसली. म्हणजे ओठ हसले.

पंजाबराव मूळचे शेतकऱ्याच्या घरचे, तीन भावांत धाकटे. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि सोळाव्या वर्षी ते अकोल्यात एका कूलरच्या कारखान्यात पत्रा कापायला लागले. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढला त्याला कूलर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पुढं डाबकी रोडला स्वतःचं दुकान टाकलं, ‘पंजाबराव कूलरवाले’. चाळीस वर्षं जस्ताच्या पत्र्याचे कूलर केले. माप टेपनं घेत, पण आधी वितीनं घेत, आणि टेप वितीशी खोटी ठरली तर टेपवर संशय घेत. मग प्लॅस्टिकचे कूलर आले. हलके, रंगीत, गंज न चढणारे. लोकांचं काही चुकलं नाही. मैनाबाईच्या भावानंही प्लॅस्टिकचाच घेतला आणि मेव्हण्याला दिसू नये म्हणून आतल्या खोलीत ठेवला.

दुकान बंद झालं तेव्हा पंजाबरावांना गाडीची आठवण झाली. खरं तर ते ती कधी विसरलेच नव्हते. बाविसाव्या वर्षी नागपूरला पत्रा आणायला गेले असता एका मैदानावर जुन्या गाड्या मांडलेल्या त्यांनी पाहिल्या. त्यातल्या शर्यतीच्या गाडीपाशी हे दोरीखालून वाकून गेले आणि तिच्या कुशीवर तळहात ठेवला. पहारेकरी ओरडला. हे त्यालाच म्हणाले, "अरे, हे मशीननं नाई केलं. हातानं ठोकलेलं हाय. माह्यासारख्याच कोन्या मानसानं." ही गोष्ट मैनाबाईनं लग्नाच्या चौथ्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. नंतर किती वेळा, ते देवाला ठाऊक. दरवेळी ती "हो का?" म्हणायची.

परतवाड्याला चंदन नावाचा जीपचा मिस्त्री ओळखीचा होता. त्याच्याकडे चिखलदऱ्याच्या घाटात सवाऱ्या वाहून थकलेली एक जीप पडून होती. ती आणली. वरचं सगळं सोडवलं, खालचा सांगाडा कापून अरुंद केला, इंजिन मागं सरकवलं. इंजिनाचं काम चंदनचं. तो पंधरा दिवसांनी एसटीनं यायचा. अंगाचा पत्रा पंजाबरावांचा.

आणि त्याच वर्षी ते विसरायला लागले. एकच तुकडा चार वेळा कापून ठेवला. चारही तुकडे सारखे, सुताचाही फरक नाही. पत्रे जोडायचे रिव्हेट आणायला गेले आणि दुकानात उभं राहून दुकानदारालाच विचारलं, "मी काहून आलो?"

मैनाबाई त्यांना अमरावतीला डॉक्टरकडे घेऊन गेली. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी तीन वेळा विचारलं, कुठं चाललो. डॉक्टर चांगला होता, सावकाश बोलला. म्हणाला, जुनं राहील, नवं राहणार नाही. हात शाबूत आहेत, हात पुष्कळ दिवस साथ देतील. हाताला काम असू द्या. काम सुटलं की अशी माणसं लवकर खाली येतात. आणि रोज काय केलं ते त्यांना लिहून ठेवायला सांगा.

हे ऐकताना मैनाबाईला भूक लागली होती. तिला पुढं त्याचंच नवल वाटलं. स्टँडवर दोघांनी कचोरी खाल्ली. "चांगली हाय," पंजाबराव म्हणाले. ती रडली नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. दात काढताना इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा लागतो. तिचं तसं झालं. लोक म्हणायचे, मैनाबाई खंबीर आहे. ती खंबीर नव्हती. आत काही लागतच नव्हतं.

सोमवारी ती राजेश्वराच्या देवळात जायची. बेल वाहायची, हात जोडायची आणि उभी राहायची. मागायला काही सुचत नसे. प्रदक्षिणा घालून परत यायची. देवाला याचा राग येत असेल असं तिला वाटलं नाही.

लिहून ठेवायचं पंजाबरावांना जमलं नाही. चौथीपर्यंतची अक्षरं केव्हाच पुसली होती. आकडे तेवढे लिहिता यायचे, तेही पत्र्यावर. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, कुलदीपनं, व्हिडिओची युक्ती काढली. कूलरच्या एका जुन्या लोखंडी स्टँडवर मोबाईल अडकवायची सोय करून दिली आणि आईला सांगितलं, "आधी वार नि तारीख बोल, मग चालू ठेव." तेच व्हिडिओ तो चॅनेलवरही टाकायचा. कोण कुठले लोक पाहायचे, ‘काका ग्रेट’ लिहायचे. मैनाबाई ते कधी वाचत बसली नाही. तिच्यासाठी ते व्हिडिओ सकाळच्या चहाबरोबर द्यायच्या गोळीसारखे होते.

दुसऱ्या वर्षी गाडीचं बॉनेट झालं. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी दोन पत्रे, त्यांवर ओळीनं फटी. पत्र्याला चीर पाडायची आणि आतून ठोकून एक कड वर उचलायची. हे काम पंजाबराव डोळे मिटून करायचे, कारण कूलरच्या बाजूंना अशाच फटी असतात. वीस वीस फटी, एकीसारखी दुसरी. चंदन आला, त्यानं पत्र्यावरून हात फिरवला आणि मटकन खालीच बसला.

"भाऊ, हे तं कूलर झालं!"

"काहून?"

"तोंडं पुढं केली ना तुमी फटींची. कूलरले बाहेरची हवा आत पायजे. इथं आतली गरम हवा बाहेर काढाची हाय. तोंडं मागं पायजे. आता आत गवत लावा अन् पानी सोडा, इंजिन थंडगार!"

पंजाबराव पोट धरून हसले. चंदन म्हणाला, डावीकडचा उजवीकडे लावा, झालं. पण गाडी नाकाकडे निमुळती, पत्रेही तसेच, बदलून बसेनात. चंदन गेल्यावर पंजाबरावांचं हसू उतरलं. कान लाल झाले. मोबाईल चालूच होता. त्यांनी कपाळावर हात मारला आणि मोबाईलकडे पाहून म्हणाले, "चूक माही हाय. चाळीस वर्सं पत्रा कापला अन् हे कराव! उद्या दोनी काढतो. नवे कापतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पाहिलं, पत्रे काढले, नवे कापले. आता तोंडं मागं. अठरा दिवस लागले. छान बसले.

पुढच्या श्रावणातली गोष्ट. कुलदीपनं आईला नवा मोबाईल घेऊन दिला होता आणि जुने सगळे व्हिडिओ त्यात भरले होते, त्यात त्यांचा क्रम उलटसुलट झाला होता. सोमवार होता. राजेश्वराला गर्दी असणार म्हणून सुंदराबाई दारात उभी राहून घाई करत होती. "चाल व मैना, देव थांबते, रांग थांबत नाई." मैनाबाईनं वरचाच व्हिडिओ लावला. निळं बनियन दिसलं, काल निळंच होतं. मोबाईल नवऱ्याच्या हातात दिला आणि बेलाची पिशवी उचलून निघाली. व्हिडिओत तिचाच आवाज म्हणत होता, आज बुधवार. पण ते ऐकायला ती तिथं नव्हती, आणि पंजाबरावांना बुधवार काय नि रविवार काय.

ती परत आली तेव्हा गल्लीच्या तोंडापासून ठोकण्याचा आवाज येत होता. शेडमध्ये पंजाबराव उकिडवे बसले होते. बॉनेटचे दोन्ही पत्रे छिन्नीनं रिव्हेट तोडून काढलेले. एकाचे कात्रीनं तुकडे झाले होते, दुसरा ते ऐरणीवर ठोकून सपाट करत होते.

"काय करून राहिले अवो?"

"फटी उलट्या झाल्या. म्याच केल्या. पाह्य नं, मूर्खासारखं." त्यांचे कान लाल होते. "व्हिडिओत म्याच सांगतलं, दोनी काढतो म्हनून."

बाजेवर मोबाईल पडला होता. मैनाबाईनं तो उचलला आणि पाहिलं. मग खालचा एक तुकडा उचलून डोळ्यांजवळ धरला. फटींची तोंडं बरोबर होती. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिच्या हातच्या व्हिडिओवर जास्त भरवसा ठेवला होता.

तिनं तुकडा खाली ठेवला. "पानी देऊ?"

"दे."

पाणी दिलं. मोबाईल स्टँडवर अडकवला, वार आणि तारीख बोलली आणि चालू करून साबुदाणा करायला आत गेली.

संध्याकाळी त्या दिवसाचा व्हिडिओ पाहून कुलदीपचा फोन आला. "आई, बाबांनी चांगला पत्रा काढून टाकला. हे काय झालं?"

"माह्याच्यानं जुना लागला."

"मग सांगायचं ना त्यांना, की तुमची चूक नाही!"

"आज सांगतलं तं दिवसभर माह्यावर चिडतीन. उद्या ध्यानात राहीन का?"

कुलदीपनं फोन ठेवला.

तिसऱ्यांदा पत्रे कापायला सतरा दिवस गेले. पंजाबरावांचं काही गेलं नाही. त्यांच्या लेखी ते पहिलंच होतं. हात तसेच चालत, मधूनच शीळ घालत. पण रोज सकाळी व्हिडिओ पाहून ते विचारायचे, "हे पत्रे काहून नवे करून राहिलो?" आणि मैनाबाई सांगायची, "फटी उलट्या झाल्या होत्या." की कपाळावर हात, कान लाल, "चाळीस वर्सं पत्रा कापला अन्..." सतरा सकाळी. न केलेल्या चुकीची लाज माणसाला रोज ताजी येत होती, आणि ती चहाबरोबर मैनाबाईच नेऊन देत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं सांगून पाहिलं, "पत्रा खराब निंघाला." ते म्हणाले, "पत्रा खराब नसते. करनारा खराब असते." मग तिनं तेही सोडलं.

मार्गशीर्षात गाडी पूर्ण झाली. रंग दिला नाही. पत्रा दिसला पाहिजे, हातोड्याची खूण दिसली पाहिजे, असं पंजाबरावांनी पहिल्या वर्षीच एका व्हिडिओत सांगून ठेवलं होतं. कुलदीप रजा काढून आला, चंदन परतवाड्याहून आला. डाबकी रोडच्या पुढं एक मोकळं ले-आउट आहे, प्लॉट पडले आहेत पण घरं नाहीत. गाडी ढकलत तिथं नेली. मैनाबाईनं चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, लिंबू ठेवलं. पंजाबरावांनी डोक्याला दुपट्टा बांधला आणि आत उतरले. एकट्याचीच जागा, म्हणून चंदन कडेनं पळत होता. "भाऊ, पहिल्या गेरच्या वर जाऊ नका! भाऊ, तुमाले मी हात जोडतो!" गाडीनं तीन चकरा मारल्या. आवाज असा, की कुत्री पार रेल्वे लायनीपलीकडे पळाली. सुंदराबाई टाळ्या वाजवत म्हणाली, "मगर पळाली व!"

पंजाबरावांच्या तोंडावर जे होतं ते मैनाबाईनं मोबाईलमध्ये पाहिलं. आपल्यालाही काही व्हायला हवं, असं तिला वाटलं. हात मात्र हलला नाही. चित्र स्थिर आलं.

घरी आल्यावर पंजाबराव थकून आडवे झाले. बाकीचे तिघं चहा पीत बसले. कुलदीपनं कप खाली ठेवला.

"आई, उद्या काय?"

"काय म्हनजे?"

"उद्या त्यांना काय काम देणार? डॉक्टर काय म्हणाले होते आठवतं ना."

"आठवते."

"मी एक सांगू? तो फटींचा जुना व्हिडिओ आहे. तोच लाव. ते पत्रे काढतील, नवे करतील. तीन आठवडे जातील. मग पुन्हा लाव. त्यांना काय कळणार आहे? हात चालत राहतील."

चंदननं मान हलवली. "वयनी, पत्रा मी आनून देईन. अन् मी काई बोलत नाई. वाटलं तं दरवेळी येऊन ‘कूलर झालं’ म्हनून हसून जाईन."

"चॅनेलवर टाकणार नाही मी," कुलदीप म्हणाला. "घरातल्या घरात."

दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं. वाईट बोलत नव्हते. मैनाबाईनं कप गोळा केले. "पाहू," म्हणाली.

कुलदीपनं जाण्याआधी मोबाईलमध्ये दोन व्हिडिओ सगळ्यांत वर आणून ठेवले. एक आजचा, एक तो. कुठला कुठला ते आईला दोनदा दाखवलं आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

सकाळी तुळशीला पाणी घातलं. दिवा लावला. चहा घेऊन ती बाजेवर बसली. पंजाबराव कप धरून तिच्याकडे पाहत होते. लहान पोर घासाची वाट पाहतं तसे ते कालची वाट पाहायचे.

डॉक्टर खोटं बोलला नव्हता. काम सुटलं की उतार लागेल, हे तिला कळत होतं. तो फटींचा व्हिडिओ लावला तर हा माणूस वर्षभर, कदाचित दोन वर्षं उभा राहील. कपाळावर हात मारत, पण उभा. हा लावला तर बसेल. बसला की कधी आडवा होईल, सांगता येत नाही. तिनं देवाचं नाव घेतलं. पण मागायला आजही काही सुचलं नाही. श्रावणातलं पाप तिच्या हातून नकळत झालं होतं. आजचं कळून झालं असतं. शिवाय त्यांना काल असा नव्हताच. ती जो देईल तोच.

तिनं कालचा लावला.

पंजाबरावांनी पाहिलं. नारळ फुटला, गाडी घरघरली, चंदन पळाला. दुपट्टा बांधलेला माणूस तिसऱ्या चकरेला तोंड उघडून हसला.

"चालली?"

"चालली."

"कोनं केली ही?"

"तुमी."

"सगळी?"

"इंजिन चंदनचं. बाकी सगळी तुमी."

त्यांनी आणखी दोनदा पाहिलं. मग उठून शेडमध्ये गेले, गाडीभोवती फिरले, नाकापासून शेपटीपर्यंत पत्र्यावरून हात नेला. कुठं काही राहिलं आहे का पाहिलं. हातोडा उचलला, पुन्हा जागेवर ठेवला. परत येऊन बाजेवर बसले.

"मंग आता आज काय कराचं?"

"आज काई नाई."

"काईच नाई?"

"झाली ना गाडी."

"झाली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. हात गुडघ्यांवर ठेवून ते समोरच्या भिंतीकडे पाहत बसले. ऊन पायापाशी आलं, मग गुडघ्यापर्यंत आलं. मैनाबाईनं भाजी निवडली, कणीक मळली, बाहेर येऊन पाहिलं. तसेच बसले होते.

तिनं शेडमधला स्टँड ओढत अंगणात आणला, बाजेसमोर उभा केला आणि मोबाईल अडकवला.

"काय करून राहिली?"

"तुमचा आजचा दिवस घेऊन राहिली."

"त्यात काय हाय?"

"बसून राहिले नं तुमी. उद्या पाहाल."

"घे मंग."

ती समोर उभी राहिली, वार बोलली, तारीख बोलली आणि बाजूला झाली. पंजाबरावांनी बनियनची कड ओढून सरळ केली.

"जराशी मान वर करा," ती म्हणाली, "तोंड दिसून नाई राहिलं."

त्यांनी मान वर केली.